वीज आणि गॅस: घरचा दर कमी कसा पाडायचा? (कांदिवलीसाठी विचारतोय, बाकीच्यांनीही लिहा)

हौशी_हिशेबनीस
मुंबई उपनगरात वीज दोन कंपन्यांपैकी कोणाकडूनही घेता येते, हे माहीत आहे. पण घ्यावी का, हे कळत नाही. घरात माणसं चार. उन्हाळ्यात महिन्याला ३४०-३५० युनिट पडतात, थंडीत २१० च्या आसपास. गॅस पाइपचा, दोन महिन्यांना २४ ते २६ एससीएम (प्रमाणित घनमीटर). प्रश्न तीन:
एक, अदानीकडून टाटाकडे (किंवा उलट) जाण्यात खरंच पैसे वाचतात का आणि ते तपासायचं कसं?
दोन, इंडक्शन घेऊन गॅस कमी करणं परवडतं का?
तीन, कंपनी न बदलता काही सुटतं का?
'पंखे बंद करा' सोडून सल्ले हवेत.

झुळूक
माणसं चारची तीन करा. दर तोच राहील, पण बिल उतरेल. (ह. घ्या.)

मीटरवाला
पहिल्या प्रश्नापुरतं.

२००३ च्या वीज कायद्यात एकाच भागात दोन वितरण परवानाधारक असण्याची सोय आहे. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरचा किरकोळ वीजविक्रीचा हक्क मान्य केला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये वीज नियामक आयोगाने ग्राहकाने कंपनी कशी बदलायची याची पद्धत ठरवून दिली. तेव्हा उपनगरातल्या तारा रिलायन्सच्या होत्या. ऑगस्ट २०१८ पासून त्या अदानीच्या आहेत.

लोक चुकतात ते इथे: कंपनी बदलली तरी सहसा तारा बदलत नाहीत. वीज टाटाची आणि तारा अदानीच्या, म्हणजे वीज आकार नव्या कंपनीचा आणि वहन आकार तारांच्या मालकाचा. जाहिरातीत किंवा शेजाऱ्याच्या तोंडी नुसता वीज आकार असतो. तुलना करताना चार ओळी एकाखाली एक लिहायच्या: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारा). दुसऱ्याच्या तारा वापरणाऱ्या ग्राहकाला काही अधिभार लावला असेल तर तो आयोगाच्या आदेशात वेगळ्या तक्त्यात असतो, तोही धरायचा. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

इंधन समायोजन दर महिन्याला वरखाली होतं. त्यामुळे एका बिलावरून निर्णय नको, बारा महिन्यांची युनिटं काढा. एका कंपनीचा खालच्या पट्टीचा (कमी युनिटांच्या टप्प्याचा) दर स्वस्त आणि वरच्या पट्टीचा महाग असू शकतो. मग मे महिन्यात ती महाग पडते आणि डिसेंबरात स्वस्त. बेरीज वर्षाचीच करायची.

मुलुंडकर
'मुंबईत पर्याय आहेत' असं वाचलं की आम्ही मुलुंड-भांडुपवाले हसतो. महापालिका मुंबईची, वीज महावितरणची.

दादरचा_कट्टा
कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट. आमच्यासाठी धाग्यातला पहिला प्रश्न ऑप्शनला टाका.

तिसरी_पट्टी
हिशेबनीस, तुमचा तिसरा प्रश्न खरं तर पहिला आहे. कंपनी कुठलीही असो, घरगुती दर पट्ट्यांचा आहे: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, त्यापुढे. 'माझा दर किती' हा प्रश्नच चुकीचा. 'माझं शेवटचं युनिट कितीला पडतं' हा बरोबर.

महावितरणचे २०२४-२५ चे दर उदाहरणाला घेतो (चालू दर बिलाच्या मागे छापलेले असतात, ते घालून करा). वीज आकार अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५, १६.६४ रुपये. वहन आकार सगळीकडे १.१७. स्थिर आकार सिंगल फेजला १२८ रुपये. इंधन समायोजन सोडून, १६ टक्के शुल्क धरून एक युनिट असं पडतं:
पहिल्या शंभरातलं ६.८२
१०१ ते ३०० मधलं १३.२९
३०१ ते ५०० मधलं १८.२४
पाचशेच्या पुढचं २०.६६

आता तुमचा मे महिना. ३०० युनिटांचं बिल ३,४८९ रुपये. ३५० चं ४,४०१. वरच्या ५० युनिटांचे ९१२ रुपये, आणि पहिल्या १०० युनिटांचे, स्थिर आकारासकट, ८३१! पट्ट्या तुमच्याकडेही याच आहेत, आकडे तेवढे वेगळे. वाचवायचं ते या वरच्या पन्नासातून.

पेठेतला_पंत
तुमचं गणित बरोबर, पण एक राहिलं. ३०१ वं युनिट पडलं की अख्ख्या बिलाला वरचा दर लागतो. म्हणून लोक महिनाअखेर मेन स्विच बंद करून बसतात.

तिसरी_पट्टी
पंत, नाही. दर टप्प्याटप्प्याने लागतो. ३०१ वं युनिट १८ रुपयांचं, आधीची ३०० जशीच्या तशी. महिनाअखेर अंधारात बसायची गरज नाही.

पेठेतला_पंत
बसत नव्हतो. लोक म्हणालो मी.

अण्णा_नेरळ
आणि रीडिंग घ्यायला माणूस उशिरा आला की? ३० दिवसांऐवजी ३६ दिवसांचं रीडिंग म्हणजे युनिटं जास्त आणि पट्टी वरची. ही सरळ लूट आहे.

मीटरवाला
अण्णा, पट्टीसुद्धा दिवसांच्या प्रमाणात ताणली जाते. ३६ दिवसांचं बिल असेल तर ३०० ची मर्यादा साधारण ३६० होते. २०२० च्या टाळेबंदीत रीडिंग बंद होतं, जूनमध्ये तीन महिन्यांचं एकदम आलं. तेव्हा 'स्लॅब बेनिफिट' हा शब्द घराघरांत पोचला, तो हाच.

गडबड होते ती सरासरी बिलात. दार बंद, मीटर दिसला नाही, म्हणून अंदाजे युनिटं टाकली जातात. बिलावर मीटरचा फोटो छापलेला असतो. त्यातला आकडा आणि 'चालू रीडिंग' जुळतंय का, एवढं दर महिन्याला बघा. फोटो कोरा किंवा धुरकट असेल तर त्याच दिवशी स्वतः फोटो काढून ॲपवर रीडिंग पाठवा. सरासरी बिल लागोपाठ दोनतीन महिने आलं तर पुढचं खरं रीडिंग आल्यावर मधले सगळे महिने मिळून पट्ट्या पाडल्यात ना, ते तपासून घ्या.

सुगरण_नव्हे
इंडक्शनवर कोणीच बोलत नाही म्हणून मीच.

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ढोबळ १८० युनिटांइतकी उष्णता असते. चांगल्या शेगडीवर त्यातली ६५ ते ६८ टक्के भांड्यात जाते, म्हणजे १२० युनिट. इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास जाते. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला १४० युनिट लागतील.

एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत सिलिंडर ८५२.५० झाला. भागिले १४०, म्हणजे ६.०९ रुपये. वीज युनिटला सहा रुपयांच्या खाली मिळत असेल तर इंडक्शन स्वस्त. वर तिसरी_पट्टी यांनी दिलेल्या कोष्टकात असा आकडाच नाही. शिवाय इंडक्शनची युनिटं पहिल्या शंभरात बसत नाहीत, ती तुमच्या आधीच्या वापराच्या डोक्यावर बसतात. दुसऱ्या पट्टीत एका सिलिंडरइतका स्वयंपाक १,८६० रुपयांना पडेल, तिसऱ्या पट्टीत अडीच हजारांच्या वर.

गॅसच्या दरात बदल झाला की भागाकार परत करा, पद्धत हीच.

झुळूक
म्हणजे इंडक्शनवर चहा हा आता श्रीमंतांचा चहा.

सुगरण_नव्हे
एका कपाचा काही पैशांतच फरक पडतो, घ्या हो चहा. डाळ-भात-भाजी रोज त्यावर नको, एवढंच. एकटा माणूस असेल, महिन्याला ६०-७० युनिटच पडत असतील आणि सिलिंडरची अनामत भरायची नसेल, तर इंडक्शन चालेल. तिथे हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो.

कोथरूडकर
पाइप गॅस आणि सिलिंडर यांची तुलनाही येऊ द्या. पुण्यात निम्म्या सोसायट्यांत याच विषयावर वार्षिक सभा रंगतात.

निळी_ज्योत
एक सिलिंडर म्हणजे साधारण १८ एससीएम पाइप गॅस. ८५२.५० ला १८ ने भागा: ४७ रुपये ४० पैसे. पाइपचा दर याच्या खाली असेल तर पाइप स्वस्त, वर असेल तर सिलिंडर. बिलावरचा दर करासकट आहे का, ते बघा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्के झाला, म्हणून ही चुरस आहे. फरक दोनपाच टक्क्यांचा निघाला तर भाव सोडा आणि सोय बघा. उज्ज्वलातला ३०० रुपयांच्या अनुदानाचा सिलिंडर असेल, तर मात्र पाइप त्याच्या जवळपासही येत नाही.

आता बिल फुगण्याची कारणं, कारण दर कमी करण्यापेक्षा हे सोपं.

जेट (शेगडीत गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी): सिलिंडरचा गॅस ३० मिलिबार दाबाने येतो, पाइपचा २१ मिलिबारने, आणि पाइपच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात उष्णताही कमी. म्हणून पाइपसाठी जेटचं भोक मोठं लागतं. जेट न बदलता सिलिंडरची शेगडी पाइपला जोडली की ज्योत मरगळलेली, स्वयंपाकाला दीडपट वेळ. उलट केलं, म्हणजे पाइपचे जेट ठेवून सिलिंडर जोडला, तर पिवळी भडक ज्योत, भांडी काळी, आणि ते धोक्याचंही आहे. भोक सुईने किंवा ड्रिलने मोठं करू नका, जेट बदलून घ्या.

ज्योत निळी आणि भांड्याच्या तळाच्या आत हवी. बुडाबाहेर आलेली ज्योत ओटा तापवते. बर्नरच्या भोकांत उतू गेलेलं दूध वाळून बसलं की तिथली ज्योत पिवळी होते. बर्नर काढून, गरम पाण्यात भिजवून, जुन्या दातांच्या ब्रशने घासा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

गॅस मीटर: काळे आकडे पूर्ण एससीएम, लाल आकडे दशांश. ॲपवर रीडिंग पाठवताना लाल आकडेही सलग टाइप केले की बिल लाखात. मग दुरुस्ती होईपर्यंत फोनाफोनी.

रमाबाग
गीझर विसरलात सगळे. १५ लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर न्यायला ०.३५ युनिट लागतं, साठ्यातली गळती धरली नाही तरी. दुसऱ्या पट्टीत बादलीमागे साडेचार रुपये. पाइपच्या गॅसवर तेच पाणी सव्वादोन-अडीच रुपयांत. चार माणसांच्या चार बादल्या, म्हणजे महिन्याला अडीचशे रुपयांचा फरक.

पण गॅस गीझर बंद न्हाणीघरात बसवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत, आणि आत फक्त गरम पाण्याची नळी. तशी जागा नसेल तर विजेचाच ठेवा. विजेचा असेल तर थर्मोस्टॅट ६० वरून ५० वर आणा.

टेम्सकाठी
परदेशातून थोडं अवांतर. इंग्लंडात पट्ट्याच नाहीत. पहिलं युनिट आणि हजारावं युनिट एकाच भावाचं, वर रोजचा ठरावीक आकार. ऑफजेमची (तिथल्या ऊर्जा नियामकाची) दरांवरची कमाल मर्यादा ऑक्टोबर-डिसेंबर २०२५ साठी सरासरी अशी होती: वीज २६.३५ पेन्स, रोजचे ५३.६८ पेन्स; गॅस ६.२९ पेन्स, रोजचे ३४.०३ पेन्स. मर्यादा दरावर असते, बिलावर नाही. बातम्यांत येतो तो आकडा सरासरी घराचा. नुसते रोजचे आकार जोडले तर वर्षाला ३२० पौंड. शून्य वापर असला तरी.

कंपनी बदलणं पाच कामकाजी दिवसांत होतं, चौदा दिवसांत मन बदलता येतं. ठरावीक मुदतीचा दर घेतला असेल तर शेवटच्या ४९ दिवसांत बाहेर पडायचा दंड लागत नाही. इथल्या मराठी मंडळींनी जपायचं एक: गॅस मीटर घनमीटरमध्ये आणि बिल युनिटांत. घनमीटर गुणिले १.०२२६४, गुणिले उष्मांक (साधारण ३९.५), भागिले ३.६. म्हणजे ११.२ च्या आसपास. जुना मीटर घनफुटाचा (शंभराच्या पटीत) असेल तर आणखी २.८३ ने गुणतात. नव्या घरात गेल्यावर कंपनीच्या खात्यात मीटरचा प्रकार चुकीचा नोंदला गेला असेल तर बिल जवळजवळ तिप्पट किंवा एकतृतीयांश येतं. पहिल्याच बिलावर बघून घ्या.

मुलुंडकर
पाच दिवसांत कंपनी बदलते, आणि इथे पाच दिवसांत फोन उचलला तर पेढे वाटू.

अण्णा_नेरळ
सौर ऊर्जेचं कोणी लिहा. आमच्याकडे बैठं घर आहे, छप्पर मोकळं.

तिसरी_पट्टी
अण्णा, बैठ्या घराला याहून चांगला 'दर' नाही. कारण छतावरचं युनिट आधी तुमची सगळ्यात वरची पट्टी खातं. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट, महिन्याला १२०. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन आणि त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान. अनुदान हवं तर भारतीय बनावटीच्या सेलचेच पॅनेल लागतात, कोटेशनवर ते लिहून घ्या.

दोन चुका नेहमीच्या. टाकीची सावली: दुपारी दोननंतर एका पॅनेलच्या कोपऱ्यावर टाकीची सावली पडली तरी त्या माळेतल्या सगळ्या पॅनेलचं उत्पादन पडतं. दुसरी, गरजेपेक्षा मोठं बसवणं. महिन्याला १८० युनिट वापर असेल तर पाच किलोवॅट कशाला? शंभराच्या आतली युनिटं मुळात स्वस्त आहेत, तिथपर्यंत सौर नेलं की परतफेड लांबते. स्थिर आकार कुठेही जात नाही, शून्य युनिटांवरही येतो.

कोथरूडकर
सोसायटीला?

तिसरी_पट्टी
लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० अनुदान आहे. सभेत आधी गच्चीचा हक्क कोणाचा ते मिटवा, मग पॅनेल.

पेठेतला_पंत
माझ्याकडे याहून सोपा उपाय आहे. एका घराला दोन मीटर. ३०० युनिटांचे १५०-१५० झाले की दोन्हीकडे पहिली शंभर स्वस्त.

मीटरवाला
गणित चूक नाही. दुसरा स्थिर आकार भरूनही महिन्याला जवळपास ५०० रुपये वाचतात. म्हणूनच कंपन्या तिथे नजर ठेवतात. वेगळा मजला, वेगळं स्वयंपाकघर, वेगळा कागदोपत्री ताबा असेल तर रीतसर मिळतं. एकाच घरात एसीपुरता दुसरा मीटर मागितला तर मिळणार नाही, आणि खोटं सांगून घेतलाच तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी.

त्यापेक्षा उलटं तपासा. गरज नसताना थ्री फेज आहे का? २०२४-२५ च्या तक्त्यात थ्री फेजचा स्थिर आकार ४२४ होता, सिंगलचा १२८. शुल्कासकट महिन्याला ३४३ रुपये. मोठा पंप काढून टाकला, भाडेकरू गेले आणि मीटर तसाच राहिला, अशी घरं खूप.

शिवणक्लास
घरी शिवणकाम किंवा शिकवणी असेल तर व्यापारी दर लावतात का?

मीटरवाला
घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि महिन्याला ३०० युनिटांच्या आत, मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० च्या आत वापर असेल, तर घरगुती दरच लागतो. दर आदेशात तसं लिहिलंय. कोणी व्यापारी मीटर घ्यायला सांगितलं तर आधी वर्षाच्या युनिटांची बेरीज पुढे करा.

ठिणगी
हिशेबनीस यांनी पंखे बंद करू नका म्हटलंय. बरं, बदला. साधा पंखा ७०-७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३०-३५. तीन पंखे, रोज बारा तास: महिन्याला ४३ युनिट वाचतात. उन्हाळ्यात तुमच्या ३०० वरच्या पन्नासातली बहुतेक गेलीच. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी दहा वॅट खातो, महिन्याला सात युनिट. भिंतीवरचं बटण बंद करा.

आणि कंपनी बदलण्याआधी मीटर तपासा. बाहेरून काही आणायला नको. घरातलं सगळं बंद करा, अगदी फ्रिज आणि वायफायसुद्धा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी छापलेलं असतं, युनिटला ३२०० स्पंदनं (तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल तर तो घ्या). आता १००० वॅटचा पाण्यात बुडवायचा हीटर बादलीत ठेवून चालू करा. गीझर किंवा इस्त्री नको, त्यांचा थर्मोस्टॅट मध्येच बंद पडतो. मोबाइलवर एक मिनिट चित्रण करा आणि लुकलुक मोजा. ५३ च्या आसपास यायला हवी. व्होल्टेज कमी असेल तर ४८, जास्त असेल तर ५६. ७० आली तर लेखी तक्रार करून मीटर तपासणी मागा. हीटर चालू असताना पाण्यात बोट घालायचं नाही, आणि बटण बंद करून प्लग काढल्यावरच तो बाहेर काढायचा.

मग मेन स्विच बंद करा. दिवा लुकलुकायला नको. लुकलुकला तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मधूनच कोणीतरी वीज घेतंय. 'ईएल' लिहिलेला दुसरा दिवा सतत पेटलेला असेल तर फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट जुळत नाहीय. जुन्या इमारतींत शेजाऱ्याचं न्यूट्रल तुमच्यात मिसळलेलं असतं, किंवा इन्व्हर्टर बसवणाऱ्याने घोळ घातलेला असतो. हे मीटर दोन्हीतल्या जास्तीच्या करंटवर मोजतात, त्यामुळे फटका तुम्हाला.

झुळूक
पन्नास स्पंदनं मोजताना माझीच वाढतील.

रमाबाग
स्मार्ट मीटर लागलेल्यांसाठी: महावितरणच्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सूट सुरू झाली, २०२५-२६ मध्ये ती युनिटला ८० पैसे होती. वॉशिंग मशीन, पंप, इस्त्री त्या वेळात. त्या दराने महिन्याला ६० युनिट दिवसा हलली तर ४८ रुपये. फार नाहीत, पण फुकट आहेत. तसंच बिल ईमेलवर घेतल्याची सूट, सात दिवसांत भरल्यास एक टक्का तत्पर भरणा सूट. आणि अनामतीवर वर्षाला व्याज मिळतं, ते बिलात जमा झालंय का बघा.

हौशी_हिशेबनीस
आभारी आहे मंडळी. बारा बिलांतली युनिटं ओळीने मांडली. ३०० च्या वर जाणारे महिने चारच, आणि एकूण जास्तीची युनिटं १७५. पंखे बदलले की त्यातली बहुतेक जातात. त्यानंतर उरलेला वापर धरून दोन्ही कंपन्यांचा हिशेब परत करणार, कारण पट्टी बदलली तर उत्तर बदलू शकतं. इंडक्शन रद्द. गॅस पाइपचाच.

मीटरवाला
क्रम बरोबर आहे. बदलायचं ठरलं तर तीन गोष्टी: थकबाकी आणि वादातलं बिल आधी मिटवा, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. जुनी अनामत परत मिळते की शेवटच्या बिलात वळती होते, ते अर्जाच्या वेळीच लेखी विचारा. आणि बँकेतून आपोआप बिल भरण्याची सूचना शेवटचं बिल वळतं होईपर्यंत बंद करू नका. बदलाच्या दिवशीचं रीडिंग तारखेसकट फोटोत ठेवा. दोन्ही बिलांत तोच आकडा यायला हवा, एकाचं शेवटचं आणि दुसऱ्याचं पहिलं.

पेठेतला_पंत
तीन म्हणालात, चार झाल्या.